मगाचा कान निखळतो, तेव्हा दोष स्लिपचा असतो का?

स्टुडिओ पॉटरी शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो. मगाचा कान सांध्यापाशी तडकला की स्लिप, म्हणजे सांधा चिकटवण्यासाठी लावायची पाण्यात कालवलेली पातळ माती, कमी पडली असे समजावे, तिच्यात व्हिनेगर घालून ती भरपूर थापावी. कान हाताने ओढणे, म्हणजे मातीचा तुकडा ओल्या हाताने लांबवत कान घडवणे, ही निव्वळ हौस आहे, मातीची वळी वाकवून लावली तरी तेवढेच साधते. आणि कान बसला की तो मग पंख्याखाली ठेवून झटपट वाळवावा. या सल्ल्यापायी नवशिक्यांचे चांगले मग वाया जातात, म्हणून त्याचा नीट समाचार घेणे आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे. स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजून टणक होणाऱ्या भांड्यांची, माती ओल्या अवस्थेपासून पक्क्या भाजणीपर्यंत साधारण १२ टक्के आकसते आणि त्यातला जवळजवळ निम्मा भाग नुसत्या वाळण्यातच होतो. समजा, मगाची भिंत ३ टक्के आकसून झाली आहे आणि आपण तिला ताज्या मातीचा कान लावला. दोन सांध्यांमधले अंतर ७ सेंटीमीटर असेल, तर त्या टप्प्यात कानाला भिंतीपेक्षा सुमारे २ मिलिमीटर जास्त आकसावे लागेल. तो ताण सांध्यावर येतो आणि तिथेच चीर पडते. स्लिप तर सर्वांत ओली, म्हणजे सर्वांत जास्त आकसणारी. तिचा जाड थर लावल्याने दुखणे वाढतेच. व्हिनेगरने स्लिप दाट होते हे खरे, पण ओलाव्यातली तफावत त्याने भरून निघत नाही. त्यासाठी मग लेदर हार्ड असावा, म्हणजे नख उमटावे पण भिंत दबू नये, आणि कानही वाकवताना बाहेरून न चिरण्याइतपत ओला, तरी बोटांना न चिकटणारा असावा. दोन्हीकडे ओरखडे पाडून बेताची स्लिप लावावी, आतून बोटाचा आधार द्यावा आणि कडेने स्लिप बाहेर येईपर्यंत कान किंचित हलवत दाबावा.

वळीचा कान वाईट असतो, असे माझे म्हणणे नाही; काळजीपूर्वक लावला तर तोही टिकतो. पण भरलेला मग उचलताना वरचा सांधा ओढला जातो आणि खालचा दाबला जातो. ओल्या हाताने, दर काही ओढींनंतर माती उलटी फिरवत ओढलेला कान मुळाशी जाड राहून टोकाकडे निमुळता होतो, म्हणून ताण पडतो तिथेच त्याचा भरणा असतो. शिवाय त्याचा छेद चपटा, लंबगोल होतो आणि बोटांना रुतत नाही. सगळीकडे सारखी जाड असलेली वळी नुसती वाकवून हे दोन्ही मिळत नाही.

पंख्याचा सल्ला तर सरळ नुकसान करणारा आहे. कानाला चहूबाजूंनी हवा लागते, त्यामुळे तो एरवीही भिंतीच्या आधी वाळतो; पंख्याने ही दरी रुंदावते. म्हणून आधी संपूर्ण मग प्लॅस्टिकखाली झाकून दोन्हींचा ओलावा सारखा होऊ द्यावा, आणि नंतर मग उघडला तरी कानावर प्लॅस्टिकची पट्टी तशीच ठेवावी, म्हणजे तो भिंतीच्या बरोबरीने वाळेल.