बीपी ठीक म्हणून किडनी ठीक, असं नसतं
सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराचा असा बेताल प्रतिसाद, की अवयवच बिघडू लागतात. त्यावरच्या एका लेखातलं ‘सेप्सिसमध्ये बीपी घसरतं, रक्त कमी पडतं आणि किडनी बसते’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. बीपी बऱ्यापैकी टिकून असताना लघवी आटलेले पेशंट आयसीयूत आम्ही नेहमी बघतो. किडनीकडे जाणारं एकूण रक्त कधी कधी कमी झालेलंच नसतं. घोळ असतो आतल्या केशवाहिन्यांत. शिवाय जंतूंचे विषारी अंश गाळले जाऊन थेट किडनीतल्या बारीक नलिकांच्या पेशींवर आदळतात.

आणि लेखात सगळा भर क्रिएटिनिनवर (किडनी बिघडली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) का? ते चढतं उशिरा, त्यात सलाइन भरपूर गेलं असेल तर ते पातळ होऊन आकडा आणखी फसवा. आम्हा नर्सेसचा डोळा युरोमीटरवर, म्हणजे तासातासाची लघवी मोजायच्या भांड्यावर. ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिलीपेक्षा कमी लघवी, तेही सलग ६ तास, म्हणजे किडनी बिघडतेय, मग रिपोर्ट काही का म्हणेना!