दार मढवलं, तरी बेस का वाढला नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा आक्षेप असा: गाडीच्या पुढच्या दोन्ही दारांचे बाहेरचे पत्रे ब्युटाइल शीटने (चिकट रबरी चादरीने) कोपऱ्यापर्यंत मढवले, दार लावताना आता भारदस्त आवाज येतो, पण स्पीकरचा बेस, म्हणजे खर्जाचा आवाज, होता तिथेच आहे, म्हणजे डॅम्पिंग (पत्र्याची थरथर जिरवणं) हे थोतांड. तुमच्या कानांवर माझा विश्वास आहे, निष्कर्षावर नाही. काम अर्ध्यावर थांबलंय.

शीट बेस तयार करत नाही. ती पत्र्याची थरथर जिरवते, बस. त्यासाठी सपाट पत्र्याच्या मधला पाव ते तृतीयांश भाग झाकला तरी पुरतं. 2 मिमीची शीट चौरस मीटरला साधारण 3 किलो भरते, म्हणजे उरलेलं सगळं बिजागऱ्यांवरचं ओझं.

बेस पळतो तो आतल्या पत्र्याच्या मोठ्या भोकांतून. दारातल्या स्पीकरचा कोन, म्हणजे मधला हलणारा पडदा, पुढे हवा दाबतो तेव्हा मागे ती विरळ होते. 100 हर्ट्झला तरंगलांबी सुमारे 3.4 मीटर असते. भोक हातभर अंतरावर असेल तर पुढची आणि मागची लाट जवळपास पूर्ण विरुद्ध भेटतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात. वरच्या स्वरांना याची फारशी झळ पोचत नाही, म्हणून गाणं स्वच्छ वाटतं पण पोकळ.

तेव्हा दाराचं पॅड (आतल्या बाजूचं आवरण) पुन्हा उतरवा. कंपनीचा प्लास्टिक कागद काढा आणि भोकापेक्षा चारही बाजूंनी 2 सेंमी मोठी, 1 ते 1.5 मिमीची ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूने बसवा. काचेची मोटर बिघडली तर ही पट्टी उघडता येते. कडा ब्युटाइलने बंद करा. नुसती शीट भोकावर ताणून चिकटवू नका, ती स्वतःच पडद्यासारखी फडफडते. स्क्रू आवळण्याआधी काच पूर्ण वरखाली करून बघा, लॉकच्या सळ्या कुठे घासतात का तेही. दाराच्या तळाची पाणी जायची छिद्रं उघडीच राहू द्या, नाहीतर दार आतून गंजेल. काही गाड्यांत साइड एअरबॅगचा दाब-सेन्सर दारातच असतो. तशी गाडी असेल तर सर्व्हिस मॅन्युअल बघितल्याशिवाय भोकं बुजवायची नाहीत.

स्पीकरखालची कंपनीची पातळ प्लास्टिक रिंग हा दुसरा गळतीचा धनी. तिच्या जागी जाड एचडीपीईची (टणक प्लास्टिकची) रिंग घ्या. एमडीएफ (लाकडाच्या भुश्याचा दाबलेला बोर्ड) नको, ओल लागली की फुगतो. रिंग आणि पत्रा, रिंग आणि स्पीकर, दोन्हीकडे फोम गॅस्केट (फट बुजवणारी फोमची पट्टी) हवंच. स्पीकरच्या तोंडाभोवतीही फोमचं कडं लावा, म्हणजे आवाज जाळीतून बाहेर येईल, पॅडच्या मागे शिरणार नाही.

एवढं करूनही 40 हर्ट्झ दारातून येणार नाही. ते सबवूफरचं, म्हणजे फक्त बेससाठीच्या वेगळ्या मोठ्या स्पीकरचं काम.

आणि हो, एकही स्क्रू काढण्याआधी मोनो रेकॉर्डिंग (डाव्या-उजव्या दोन्ही स्पीकरना एकच आवाज देणारं) लावून स्टिरिओचा डावा-उजवा बॅलन्स मध्यावरून पूर्ण एका बाजूला फिरवा. तसं केल्यावर बेस वाढला, तर दोनपैकी एका स्पीकरच्या तारा उलट्या जोडल्या आहेत.