बारीक दात काढून सुळा खाली येत नाही

पालकांच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज आता माझ्या बहिणीपर्यंत पोचलाय. तिच्या अकरा वर्षांच्या मुलीचा वरचा सुळा अजून आलेला नाही. मेसेज म्हणतो: जागा नसली की सुळा अडकतो, शेजारचा बारीक दात निकामी, तो काढा म्हणजे सुळा त्या जागी उतरेल, दुधाचा सुळा काढू नका, नजर जाते, दुखत नाही तोवर थांबा.

जागेचं म्हणणं अर्धं खरं, तेवढं मान्य करू. ओठाच्या बाजूला अडकणाऱ्या सुळ्याला बहुतेकदा जागाच नसते. पण टाळूकडे अडकलेल्या सुळ्यांचं उलटं आहे: संशोधक जॅकोबी यांच्या 1983 च्या अभ्यासात अशा 85 टक्के सुळ्यांना पुरेशी जागा होती.

आता तो बारीक दात. सुळा डोळ्याच्या खोबणीखालून निघतो आणि शेजारच्या पटाशीच्या दाताच्या मुळाला धरून खाली सरकतो. हा दात बारीक, खुंटीसारखा निमुळता असला तर त्याचं मूळ बहुधा आखूड असतं आणि उशिरा तयार होतं. आधार न मिळालेला सुळा टाळूकडे भरकटतो. बारीक दात आणि भरकटलेला सुळा हे दोन्ही दोष एकाच आनुवंशिक कारणाने येतात, असंही काही तज्ज्ञ मानतात. तो वाद मिटलेला नाही. पण यातलं काहीही मानलं तरी दात उपटायचं कारण निघत नाही! टाळूत आडवा पडलेला सुळा शेजारी खड्डा पडला म्हणून वळत नाही. उलट दात गेल्यावर सुळा थेट मधल्या दाताला चिकटून बसवावा लागतो. तो जाड, टोकदार, जरा पिवळसर, म्हणून घासून, कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं भरण) लावून त्याचं रूप बदलावं लागतं. खुंटीसारखा दात मात्र कॉम्पोझिटने नीट आकाराचा करता येतो. मूळ फारच झिजलं असेल तर कधीकधी तो काढतात, पण सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) पाहून आणि ऑर्थोडॉन्टिस्टने, म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरने, ठरवून.

नजरेची नस वेगळी, दातांची वेगळी. पुढे बोलायची गरज नाही.

वेळेत काढायचा असतो तो दुधाचा सुळाच. एरिक्सन आणि कुरोल या संशोधकांनी 1988 मध्ये 10 ते 13 वर्षांच्या मुलांत, टाळूकडे वळलेल्या 46 सुळ्यांबाबत हेच केलं. 36 सुळे योग्य मार्गाला लागले. एक्स-रेमध्ये सुळ्याचं टोक शेजारच्या दाताच्या मध्यरेषेअलीकडे (दाढांच्या बाजूला) असेल तर यश 91 टक्के, पलीकडे गेलं असेल तर 64. वर्षभरात फरक पडला नाही तर हिरडी उघडून, सुळ्याला बटण आणि साखळी चिकटवून, हलक्या जोराने ओढावा लागतो.

आणि दुखेपर्यंत थांबायचं? सुळा शेजारच्या दाताचं मूळ खातो तेव्हा बहुतेकदा काहीच दुखत नाही. दहाव्या वर्षी ओठ वर करून दुधाच्या सुळ्याच्या वर हिरडीवर बोट फिरवा. दोन्हीकडे फुगवटा लागायला हवा. एकीकडे लागला आणि दुसरीकडे नाही, तर एक्स-रे काढून घ्या.