"हवा भरून भागलं असतं, टाकी उगाच बदलली" – या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, गीझरजवळची एक्सपान्शन टाकी (तापून फुगलेलं पाणी सामावून घेणारी, आत हवा भरलेली लहान टाकी) आम्ही बदलली त्याबद्दलचा रिव्ह्यू वाचला. एक स्टारचं नंतर बघू, आधी काकांना, म्हणजे तुमच्या वडिलांना, फोन लावा आणि गीझरचा एमसीबी (बोर्डावरचा ट्रिप होणारा स्विच) खाली करायला सांगा, आत्ताच. तुम्ही शेवटी लिहिलंय ना, "दुसऱ्या प्लंबरने 50 रुपयांचा प्लग मारला आणि गळती बंद झाली", तो प्लग सेफ्टी व्हॉल्वच्या तोंडावर मारलाय. काकांनी काल फोटो पाठवला तेव्हा कळलं, तेव्हाच त्यांना सांगितलं पण ते म्हणाले मुलाला विचारून बघतो, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. ते तोंड गळण्यासाठीच ठेवलेलं असतं. उद्या थर्मोस्टॅट चिकटला तर 200 लिटर पाणी तापत राहणार, प्रेशर वाढत राहणार आणि बाहेर पडायला वाट नाही, मग गीझरची टाकीच फाटते, आणि फाटते म्हणजे बाथरूमची भिंत पण घेऊन जाते. गळती बंद झाली म्हणून खूष होऊ नका, बादली लावा खाली पण प्लग काढा.

आता तुमचं म्हणणं. "टाकी मागच्याच वर्षी बदलली होती, परत का बदलली." सर, मागच्या वर्षी बदलली ती पंपाची टाकी. स्लॅबवर नवीन प्रेशर पंप बसवला त्याच्यासोबत आलेली लहान लाल टाकी. आम्ही बदलली ती गीझरजवळची एक्सपान्शन टाकी, घर बांधलं तेव्हापासूनची. दिसायला दोन्ही सारख्याच, गोंधळ होतो, मान्य. पण पंपाची टाकी गीझरच्या कामाची नाही कारण गीझरच्या इनलेटला वेगळा एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने सोडणारा व्हॉल्व) आहे, तापून फुगलेलं पाणी त्याच्या मागे जाऊच शकत नाही. ज्यांच्याकडे नुसतं वरच्या टाकीचं पाणी उतरतं, मधे पंप नाही की एनआरव्ही नाही, त्यांचं फुगलेलं पाणी गुपचूप वर परत जातं, म्हणून जुन्या घरांत हा विषयच निघत नाही. हल्ली नळाचं प्रेशर पुरत नाही आणि सगळ्यांना शॉवर जोरात पाहिजे, म्हणून पंप आले आणि पंपाबरोबर हे दुखणं आलं.

"पंक्चरवाल्याने गेज लावून बघितलं, 40 दाखवत होता, म्हणजे टाकी चांगली होती." हे वाचून तुमच्यावर राग नाही आला, कारण दहातले नऊ जण असंच बघतात. पण लाईनमध्ये पाणी चालू असताना गेज लावला की तो लाईनचंच प्रेशर दाखवतो, तुमचा पंप 3 बारवर कट होतो, 3 बार म्हणजे 43-44 पीएसआय, मग 40 च्या आसपास दाखवणारच ना, टाकी मेलेली असली तरी. चेक करायचं तर गीझर बंद, इनलेटचा कॉक बंद, गरम नळ उघडून प्रेशर शून्यावर आणायचं आणि मगच हवेच्या पिनवर गेज लावायचा. आमच्या दुकानातल्या मुलाने काकांसमोर तसंच केलं, काटा हललाच नाही. मग पिन दाबली, ती स्कूटरच्या ट्यूबला असते तशीच असते, तर हवेऐवजी गंजाचं लाल पाणी आलं. नुसती हवा कमी असती तर हवा भरून दिली असती, मजुरी तेवढीच लागली असती. पण पिनमधून पाणी आलं म्हणजे आतली रबरी पिशवी फाटली, तिथे कितीही हवा भरा ती पाण्यात मिसळून निघून जाते. महिन्यात परत तेच, आणि मग तुम्ही लिहिलं असतं की हवा भरायचे पैसे दरवेळी घेतात.

8 लिटरची टाकी काढून 12 लिटरची का लावली, हा प्रश्न बरोबर आहे. 200 लिटर पाणी 27 वरून 65 डिग्रीला नेलं की सव्वातीन लिटरच्या आसपास वाढतं. तुमचा जुना पंप 2 बारचा होता, तेव्हा 8 ची टाकी आरामात पुरत होती. नवीन पंप 3 बारचा, टाकीत हवा पण 3 ची भरावी लागते, आणि सेफ्टी व्हॉल्व 6 ला उघडतो, म्हणजे 8 लिटरची टाकी जेमतेम साडेतीन लिटर घेते, एकदम काठावर. 12 ची पाच लिटरपर्यंत घेते. पंप बदलताना हे कुणीतरी सांगायला पाहिजे होतं, पंप आम्ही बसवला नाही. आणि जुनी टाकी नुसत्या सीपीव्हीसी पाईपवर लोंबकळत होती, आत पाणी भरून जड झालेली, एल्बोला केसाएवढी चीर पण आली होती. गोव्यातल्या वागातोरची, समुद्राकाठची खारी हवा, त्यात क्लॅम्प पण लोखंडी, तो तर हातातच आला. म्हणून नवीन टाकी स्टीलच्या ब्रॅकेटवर भिंतीला धरलीय, बिलात "फिटिंग" म्हणून जे वेगळे पैसे दिसतायत ते त्याचे.

राहिलं "टाकी बदलूनसुद्धा व्हॉल्व गळतच होता". हो, गळणारच होता. जुनी टाकी मेल्यावर पाणी तापलं की दरवेळी तोच व्हॉल्व उघडत होता, किती महिने कोण जाणे, विहिरीच्या पाण्याचा क्षार सीटवर (व्हॉल्व मिटतो त्या जागेवर) बसला आणि आता तो नीट मिटत नाही. बिलाच्या खाली पेनने लिहिलंय, "सेफ्टी व्हॉल्व पण बदलावा लागेल". काका म्हणाले चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर बघू, घरात पाहुणे आहेत, तेही खरंच होतं. फरक ओळखायला सोपं आहे, फक्त पाणी तापताना गळला तर टाकीचं किंवा प्रेशरचं बघायचं, गीझर थंड असताना पण गळत असेल तर व्हॉल्व गेला.

टाकीचे पैसे परत मिळणार नाहीत, ते मी आत्ताच सांगतो. जुनी टाकी दुकानात ठेवलीय, मुंबईहून आलात की म्हापशाला येऊन स्वतः पिन दाबून बघा. व्हॉल्व बदलायची मजुरी घेणार नाही, व्हॉल्वची किंमत तेवढी द्या. आमचा मुलगा उद्या सकाळी येऊ शकतो, नाहीतर दुपारी 1 ते 4 सोडून कधीही चालेल, फक्त काकांना फोन उचलायला सांगा आणि तोपर्यंत एमसीबी खालीच राहू दे.