तुरिनला हमी, चाकणला ब्रेक

टाटा मोटर्सने इटलीतल्या तुरिनची इवेको ही ट्रक कंपनी घ्यायचं जुलै 2025 मध्ये जाहीर केलं आणि आमच्या चिंचवडच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडले. एका तटाच्या मते पिंपरीने तुरिन जिंकलं. दुसरा म्हणतो, इथे चाकणच्या चौकात ट्रक तासन् तास अडकून पडतात आणि हे निघाले 3.8 अब्ज युरो, म्हणजे सुमारे 38 हजार कोटी रुपये, बाहेर ओतायला. मी तुरिनमध्येच गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी करतो. त्यामुळे दोन्हीकडच्यांनी मला परस्पर पंच नेमलं.

जिंकलं वगैरे काही नाही. विकणाऱ्याने राजीखुशीने विकायचं ठरवलं. इवेकोचे सुमारे 27 टक्के शेअर तेव्हा फियाटवाल्या अन्येली कुटुंबाच्या एक्झॉर या गुंतवणूक कंपनीकडे होते आणि सौद्याला एक्झॉरने लगेच पाठिंबा दिला. लष्करी गाड्यांचा विभाग तर आधीच वेगळा काढून इटलीच्याच लिओनार्दो या संरक्षण कंपनीला द्यायचं ठरलं. इटलीचं सरकार अशा व्यवहारात अटी घालू शकतं, त्यामुळे झेंडे नाचवण्यात फारसा अर्थ नाही.

फुशारकी मारायचीच तर जुन्या गोष्टींची मारावी. टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, ट्रक बनवण्यासाठी जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी 1954 चा करार 15 वर्षांचा होता. तो 1969 ला संपला. पण टेल्कोचे कर्तेधर्ते सुमंत मूळगावकरांनी 1966 पासूनच पुण्यात गाड्यांच्या आधी यंत्रं, डाय आणि कारागीर घडवायला घेतले होते. माझे काका तिथे टूलरूमला होते. सरफेस प्लेटवर, म्हणजे तंतोतंत सपाट पाटावर, निळं लावायचं, त्यावर जॉब, म्हणजे घडवायचा भाग, फिरवायचा, जिथे डाग उठेल तेवढाच उंचवटा स्क्रेपरने काढायचा. मग पुसून पुन्हा निळं. यंत्राच्या एका बेडला दिवसच्या दिवस जायचे. काकांच्या नखांच्या कडा दिवाळीतही निळसर असायच्या, आणि काकू त्यांना चकलीच्या पिठाला हात लावू देत नसत.

त्या कामाचं फळ 1986 ला दिसलं. तेव्हा हलक्या ट्रकच्या बाजारात डीसीएम टोयोटा, आयशर मित्सुबिशी, स्वराज माझदा आणि ऑल्विन निसान अशी चार जपानी जोडनावं एकदम उतरली होती. टेल्को आता संपली, असं पुण्यातले शहाणे म्हणत होते (शहाण्यांची आपल्याकडे वाण कधीच नव्हती). पुण्यात घडलेला टेल्कोचा हलका ट्रक, 407, आली आणि मार्केट यार्डात फ्लॉवरची पोती घेऊन रांगेत उभी राहिली, ती आजही आहे. टोयोटा आणि निसान ही नावं त्या ट्रकांवरून केव्हाच गेली. 2005 ला एस ही छोटी मालगाडी आली. तिचा छोटा हाथी लोकांनीच केला.

दुसऱ्या तटाचा प्रश्न जास्त रास्त आहे, पण त्यालाही उत्तर आहे. ट्रकचा धंदा एकाच देशात अडकला की त्या देशाच्या प्रत्येक हेलकाव्याला बळी पडतो. जुलै 2018 मध्ये आपल्या सरकारने एक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. त्याच गाडीत जास्त माल बसू लागल्यावर नवी गाडी कोण घेणार? पुढच्या वर्षी मंदी आली, मग धुराच्या बीएस-6 नियमांमुळे किमती चढल्या. भोसरीतल्या लहान शेडवाल्यांनी तो काळ कसा काढला हे त्यांनाच माहीत. इवेको आली की दोघांची मिळून विक्री वर्षाला 5 लाख 40 हजारांवर गाड्या आणि निम्मा महसूल युरोपातला, असं कंपन्यांचं गणित आहे. सोबत इवेकोच्या एफपीटी या मूळच्या फियाटच्या कंपनीची इंजिनं येतात. फियाटचं डिझेल तंत्र पुण्याला नवं नाही, रांजणगावला ती इंजिनं बनलीच आहेत. कोरियातली देवूची ट्रक कंपनी 2004 ला घेतली, ती आजही चालते.

सगळंच गोड नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने मला पहिल्याच आठवड्यात पोर्ट टॅलबटबद्दल विचारलं. टाटा स्टीलने 2007 मध्ये कोरस ही पोलाद कंपनी घेतली होती. वेल्समधल्या तिच्या पोर्ट टॅलबटच्या कारखान्यातली शेवटची झोतभट्टी 30 सप्टेंबर 2024 ला विझली. दुसरी कंपनी, दुसरा धंदा, असं मी सांगितलं. त्याला ते पटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही पूर्ण पटलेलं नाही.

पण ग्रुपवर कुणीच न काढलेला मुद्दा वेगळा आहे. सौदा जाहीर झाला त्याच दिवशी कामगारांबद्दलच्या हमी कागदावर आल्या: मुख्यालय तुरिनलाच राहील, या सौद्यापायी कारखाने बंद होणार नाहीत, माणसं कमी होणार नाहीत. मुदत दोन वर्षांची. इथल्या युनियनना ती अपुरी वाटली, त्यांनी पुढची योजना मागितली. शिवाय उत्पादन थांबलं तर कास्सा इंतेग्रात्सिओने नावाच्या सरकारी व्यवस्थेतून पगाराचा मोठा भाग मिळत राहतो. तुरिनचे गाड्यांचे कारखाने त्यावरच कुंथत चालतात, आणि तरुण पोरांना इथेही मुदतीचीच कंत्राटं मिळतात, हेही सांगून टाकतो. स्वर्ग नाही हा.

तरी माझ्या भाच्याकडे बघा. चाकणच्या एका कंपनीत कंत्राटदारामार्फत लागला, काम लाइनवरचंच, शेजारच्या कायम कामगाराइतकंच. 240 दिवस भरले की कायद्याचं संरक्षण लागू होतं, म्हणून ते भरायच्या आत ब्रेक, म्हणजे कामावरून खंड. आता घरी बसलाय. परत बोलावतील की नाही हे कंत्राटदाराच्या फोनवर. काकांना टेल्कोने आधी शिकवलं, मग कामावर घेतलं, त्यातून त्यांचं थेरगावचं घर झालं. हा तीन ठिकाणी काम करून आला, पण कुठेच कुणी त्याला एखादं मशीन नीट शिकवलं नाही, कारण तो टिकणार नाही हे सगळ्यांनाच माहीत होतं.

परक्या देशातल्या कामगारांना लेखी हमी देणं पुण्यात वाढलेल्या कंपनीला जमतं, तर पुण्याच्या पट्ट्यातल्या कंपन्यांनी कंत्राटी पोरांना निदान दोन वर्षांचा सलग करार आणि एक कौशल्य द्यावं, एवढंच मी ग्रुपवर लिहिलं. तिथे तिघे जण चाकण-तळेगावकडच्या कंपन्यांत एचआरला आहेत. तिघांनीही नुसता अंगठा ठेवला.