मोहरमची सुट्टी आणि तो फिरता मेसेज

मोहरम जवळ आला की बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचं सार असं: मोहरम हे मुसलमानांचं नववर्ष, त्याची सुट्टी काँग्रेस सरकारने खुशामतीसाठी सुरू केली, तारीखही मुद्दाम आषाढी एकादशीवर आणली, दुखवटा असेल तर सुट्टी कशाला, आणि आपला त्याच्याशी संबंध काय?

हिजरी वर्ष मोहरमच्या 1 तारखेला सुरू होतं, एवढं खरं. पण सुट्टी त्या दिवशी नसतेच. ती 10 तारखेची, आशुराची. आपल्या कर्नाटक राज्याच्या यादीत कन्नडमध्ये 'मोहरम कडे दिन' लिहितात, म्हणजे शेवटचा दिवस; महिन्याचा नव्हे, त्या दहा दिवसांचा. इ.स. 680 मध्ये याच दिवशी करबला इथे पैगंबरांचे नातू इमाम हुसेन यजीदच्या फौजेकडून मारले गेले. आधी त्यांचं पाणी तोडलं होतं. मोहरमात सरबत वाटतात ते त्या तहानेच्या आठवणीने. शिया मातम (छाती पिटून शोक) करतात, बरेच सुन्नी रोजा धरतात, आणि काही मौलवींना ताबूत-ताशे अजिबात पटत नाहीत. म्हणजे सगळे मुसलमान हा दिवस एकसारखाच पाळतात, असंही नाही.

सुट्टी कुणी सुरू केली? केंद्र सरकारच्या सक्तीच्या सुट्ट्यांत मोहरम आहेच. आणि 2022 मध्ये, भाजपचे बोम्मई मुख्यमंत्री असताना, 9 ऑगस्टला आपल्याकडे याच कारणाने शाळा बंद होत्या. मेसेज लिहिणाऱ्याचं पोरही त्या दिवशी घरीच असणार.

आषाढीचं मात्र गमतीशीर आहे. 2024 ला 17 जुलै आणि 2025 ला 6 जुलै, दोन्ही वर्षी एकादशी आणि मोहरम एकाच दिवशी आले. पण हिजरी महिना चंद्रकोर दिसल्यावर सुरू होतो, म्हणून त्याची दहावी तारीख आपल्या शुद्ध एकादशीच्या आसपासच पडते. हिजरी वर्ष सुमारे 354 दिवसांचं. आपण अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ बसवतो, ते घालत नाहीत. 2023 ला दोघांत महिन्याचं अंतर होतं. 2026 ला अधिक ज्येष्ठ आल्याने पुन्हा तेवढंच पडतं. यात विधानसौधाचा, म्हणजे राज्य सरकारचा, हात शोधायचा तर आधी पंचांगवाल्यांना धरावं लागेल.

'दुखवट्याला सुट्टी कशाला?' हे इतर कुणी विचारलं तर समजू शकतो. (गुड फ्रायडेची सुट्टी त्यांनाही चालते, ते सोडा.) पण बेळगावच्या मराठी माणसाने? 1 नोव्हेंबरला राज्यभर कर्नाटक राज्योत्सव चालू असताना आपण काळा दिवस पाळतो, निषेध फेरी काढतो. 17 जानेवारीला सीमालढ्यातल्या 1956 च्या हुतात्म्यांना अभिवादन करतो. त्या दिवशी कामधंदा बाजूला ठेवून या, असं आपणच घरोघर सांगत असतो.

सुट्ट्या एकूणच फार झाल्यात, असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेईन. मग यादी वरपासून खालपर्यंत तपासू.

राहिला आपला संबंध. सौंदत्ती तालुक्यातल्या हिरेबिदनूर गावात एकही मुसलमान घर नाही, तरी तिथली मशीद गावकरी सांभाळतात आणि मोहरमही तेच करतात. सवारीपुढे (पंजांच्या मिरवणुकीपुढे) नारळ ठेवणाऱ्या, मूल जगावं म्हणून नवसाने त्याला मोहरमात फकीर करणाऱ्या बायका तर मेसेज पाठवणाऱ्याच्या घरातही निघतील. एकदा आजीला विचारून पाहा.