यादी मोठी करून ‘ओ’चा प्रश्न सुटत नाही

घरचा दाता जुळत नसलेली दोन कुटुंबं आपापसांत दात्यांची अदलाबदल करतात, त्या किडनी अदलाबदलीवरच्या लेखातलं ‘यादी मोठी झाली की प्रत्येकाला जोडी मिळेल’ हे वाक्य काही पटलं नाही. ‘ओ’ रक्तगटाच्या रुग्णाला सहसा ‘ओ’चीच किडनी चालते. घरातच ‘ओ’ दाता असला तर तो थेट देऊन मोकळा होतो. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आली, म्हणजे रुग्णाच्या रक्तात त्या दात्याविरुद्ध अँटीबॉडी सापडल्या, तरच अदलाबदलीकडे वळतो. मग यादीत उरतात ते ‘ओ’ रुग्ण आणि त्यांचे ‘ए’, ‘बी’ दाते. ‘ओ’ दाते यादीत यावेत म्हणून रुग्ण-दाता जुळणाऱ्या जोड्याही घ्याव्यात म्हटलं, तर अवयव प्रत्यारोपण कायद्यातली 2011 ची दुरुस्ती दोन्ही जोड्या न जुळणाऱ्याच मागते. खरी गोम इथे आहे.

आणि जळगाव-धुळ्याकडे डायलिसिसवर हिमोग्लोबिन उतरलं की लगेच रक्ताची पिशवी लावू नका. त्यातून दुसऱ्याच्या अवयवाविरुद्धच्या अँटीबॉडी वाढतात, जुळणारा दाताही हातचा जातो. आधी लोह आणि रक्त वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन बघा.